दोन रेघा

मुजावर डॉक्टरांनी कोरा कागद घेतला
आणि पट्टी न लावता आमचं घराणं काढलं.
बाई म्हणजे गोल, गडी म्हणजे चौकोन.
वर बाबगोंडा आज्जा, शेजारी आज्जी,
खाली माझे वडील, त्यांची बहीण,
तळाला मी आणि सुकुमार.
आमच्या दोघांत मात्र एक नाही,
दोन रेघा मारल्या.
"नात्यातलं लग्न असलं की अशा मारतात."

दोन रेघा मी आधीही पाहिल्या होत्या,
न्हाणीत, पहाटे, लाइट गेलेली,
मोबाइलच्या उजेडात, गुलाबी.
दोनदा.

पहिल्या वेळी तेविसावा आठवडा.
मशीनवाला पोरगा क्रिकेटबद्दल बोलत होता
आणि बोलता बोलता थांबला.
एवढ्याशा डोक्यात पांढरा डाग.
रक्त त्या पडद्यावर पांढरं दिसतं,
हे मला त्या दिवशी कळलं.
दुसऱ्या वेळी मी पडद्याकडं पाहिलंच नाही,
त्याच्या थांबण्यावरनं ओळखलं.

मग हुपरीभर कारणं निघाली.
पपई खाल्ली असेल. ग्रहणात विळी धरली असेल.
गरोदरपणी भट्टीपुढं बसली,
कोल्हापूरच्या गाडीत मागच्या सीटवर आदळली.
आत्ती, म्हणजे माझी सासू, काहीच म्हणाली नाही.
फक्त माझ्या हातातली फुंकणी काढून घेतली
आणि महिनाभर परत दिली नाही.

"रक्तवाहिनीची भिंत म्हणजे पेशींची रांग,"
डॉक्टर सांगत होत्या, "एकीनं दुसरीला धरलेलं.
धरायचं कसं, याची कृती प्रत्येकाकडं दोन प्रतींत असते.
तुमच्यात एकेक प्रत चुकलेली. एकीवर भागतं.
बाळाकडं दोन्ही चुकलेल्या गेल्या
की सांधे सुटतात."

सांधा मला शिकवायला नको.
अकराव्या वर्षापासून पैंजण जोडते.
कडीत कडी, सवागी, ज्योत, डाग.
कच्चा डाग डोळ्याला दिसत नाही,
माल काट्यावर बरोबर भरतो,
आणि भरल्या लग्नात कुणाच्या तरी पायातून
घुंगरं सांडत जातात.

"चारांत एक," डॉक्टर म्हणाल्या.
सुकुमारनं बोटं मोडली. "मग आमचे दोन झाले की.
आता पुढचे बरे?"
"नाही हो. दर वेळी नव्यानं चारांत एक.
पुढच्या खेपेला आधी तपासता येईल.
आता नेमकं काय शोधायचं ते माहीत आहे."
तो मान हलवत राहिला,
उधारीचा हिशोब न जुळल्यासारखा.

आमच्या खाली त्यांनी दोन छोटे त्रिकोण काढले.
जन्माला न आलेल्याला गोलही नाही, चौकोनही नाही.
पेनाचं टोपण लावलं.

तेव्हा दाराजवळच्या खुर्चीतनं आत्ती म्हणाली,
"माझा एक राहिला."
"काय राहिलं, मावशी?"
"तेच. तिकोनी. सुकूच्या आधी.
सहावा सरत आला होता. रात्रीच नेलं,
मला तोंड दाखवलं नाही."
सुकुमारनं मान वळवून आईकडं पाहिलं.
एकतीस वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.
मला तरी कुणी सांगितलं होतं?

डॉक्टरांनी चष्मा वर केला.
"त्याचं कारण वेगळं असू शकतं, मावशी.
या हिशोबात ते बसेलच असं नाही."
"नसंना का बसत. काढा."

टोपण पुन्हा निघालं.
सुकुमारच्या चौकोनाच्या डावीकडं, थोडा वाकडा,
एक त्रिकोण.
आत्ती उठून टेबलाशी आली,
चष्मा घरी राहिलेला, कागदावर अगदी वाकली.
"हं," म्हणाली.

परतीच्या गाडीत तिनं मला खिडकी दिली.
घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता
लाकडी पेटीतनं वाळे काढले,
पहिल्या वेळी तिनंच घडवलेले, पाचव्या महिन्यात, लपून.
काट्यावर ठेवले. अठरा ग्रॅम.
पुन्हा फडक्यात गुंडाळले.
"हे आटवायचे न्हाईत," म्हणाली,
आणि माझी फुंकणी माझ्यापुढं ठेवली.
चांदीचा भाव त्या आठवड्यात चांगलाच चढलेला होता.